टायटन पाणबुडी: इशारे लेखी होते, वेळेवर होते, मग थांबवलं का नाही कुणी?

खारावारा

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला माणसं नेणारी टायटन पाणबुडी हरवली तेव्हा चार दिवस जगभरच्या चॅनलवर एकच हिशेब चालू होता, ऑक्सिजन किती तासांचा उरलाय. ९६ तासांचा साठा आहे, आता निम्मा संपला, आता थोडाच राहिला वगैरे. प्रत्यक्षात १८ जूनच्या सकाळीच, खाली जायला सुरुवात केल्यावर पावणेदोन तासांच्या आतच पाणबुडी दाबाखाली आत चेपून फुटली होती, सगळं संपलेलं होतं. २२ तारखेला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून साधारण ५०० मीटरवर तुकडे सापडले. पाच माणसं गेली, त्यात पाणबुडी चालवणाऱ्या ओशनगेट कंपनीचा मालक स्टॉक्टन रश स्वतः होता आणि एक १९ वर्षांचा मुलगा त्याच्या वडिलांबरोबर होता.

हा धागा आत्ता काढायचं कारण म्हणजे अमेरिकन कोस्ट गार्डचा चौकशी अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला, तीनशेच्या वर पानं आहेत, आणि त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एनटीएसबीचाही (अमेरिकेची वाहतूक अपघातांची चौकशी करणारी संस्था) आला. कोस्ट गार्डने सरळ लिहिलंय की हा अपघात टाळता आला असता. त्या वेळी "समुद्र आहे, काहीही होऊ शकतं" असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आता तर अजिबात पटत नाही, कारण इशारे एक-दोन नाहीत, पाच वर्षं सतत येत होते आणि प्रत्येक इशाऱ्याचं कंपनीने काय केलं ते आता कागदावर आहे.

क्रमाने सांगते. डेव्हिड लॉक्रिज हा ओशनगेटचा मरीन ऑपरेशन्सचा डायरेक्टर, म्हणजे बाहेरचा कुणी टीकाकार नाही, पाणबुडी चालवणारा, घरातलाच माणूस. जानेवारी २०१८ मध्ये त्याने तपासणीचा रिपोर्ट दिला. कार्बन फायबरचा जो मुख्य हल आहे, म्हणजे माणसं बसतात ते नळकांडं, त्याचं स्कॅनिंगच केलेलं नाही, आत पोकळ्या आहेत का, थर सुटलेत का हे कुणालाच माहीत नाही असं त्यात होतं. समोरची जी ॲक्रिलिकची पारदर्शक खिडकी आहे ती बनवणाऱ्याने फक्त १३०० मीटरपर्यंत प्रमाणित केली होती आणि टायटॅनिक आहे ३८०० मीटरवर. रिपोर्टनंतर काही दिवसांत त्याला नोकरीवरून काढलं. त्याने कामगार सुरक्षा खात्याकडे, म्हणजे ओशाकडे तक्रार केली तर कंपनीने उलट त्याच्यावरच केस टाकली. तो आणि त्याची बायको शेवटी थकले, वर्षाअखेर तडजोड झाली आणि तक्रार तिथेच विरली. कोस्ट गार्डच्या अहवालात याबद्दल ओशाला पण दोष दिलाय, त्यांनी तक्रार वेळेवर लावून धरली असती तर तिथेच काहीतरी होऊ शकलं असतं म्हणून.

त्याच वर्षी मार्चमध्ये मरीन टेक्नॉलॉजी सोसायटीच्या मानवी पाणबुड्यांच्या समितीकडून रशच्या नावाने पत्र तयार झालं, त्यावर या क्षेत्रातल्या तीन डझनांहून जास्त लोकांची नावं. जगात अशा खोल पाणबुड्या बनवणारे, चालवणारे, तपासणारे लोक असून असून किती असणार? त्यातले इतके जण एका कागदावर येऊन सांगतायत की तुमच्या या प्रायोगिक पद्धतीमुळे किरकोळ ते अगदी भीषण काहीही होऊ शकतं, निदान डीएनव्हीच्या (जहाजं, पाणबुड्या तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था) निकषांप्रमाणे टेस्टिंग करा. रॉब मॅककॅलम म्हणून खोल समुद्रातल्या मोहिमा काढणारा अनुभवी माणूस आहे, त्यानेही ईमेलवर अनेकदा समजावलं. रशचं उत्तर होतं की सुरक्षेचं कारण पुढे करून इनोव्हेशन अडवणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आलाय.

एप्रिल २०१९ मध्ये बहामाजला कार्ल स्टॅन्ली हा पाणबुडीवाला रशबरोबर टायटनमधून खाली गेला. खाली जाताना हलमधून तडतड आवाज येत होते. परत आल्यावर त्याने ईमेल करून कळवलं की कुठेतरी काहीतरी सुटतंय, प्रवासी नेण्याआधी अजून बऱ्याच टेस्ट करा. नंतर तपासल्यावर त्या हलला खरंच तडा गेलेला निघाला. तो हल बाद केला, पण त्याची टायटॅनियमची टोकं आणि रिंगा काढून नव्या हलला लावल्या. आणि पुढच्या टेस्ट वाढवायच्या सोडून २०२१ पासून पैसे घेऊन लोकांना टायटॅनिकवर न्यायला सुरुवात. शेवटी तिकीट अडीच लाख डॉलरपर्यंत गेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांना धोका कळत होता त्यांच्यातल्या कुणालाही ही पाणबुडी थांबवायचा अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता तो एकटाच होता, पाणबुडी त्याची, कंपनी त्याची, पायलटही तोच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यातला एकही कागद तिकीट काढणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तांत्रिक बाजू माहीत असणाऱ्यांनी तर नक्कीच लिहा.

---

प्रज्ञा_क

खूप सविस्तर लिहिलंयस. त्या १९ वर्षांच्या मुलाचं वाचून अजूनही पोटात कालवतं. आधी त्याची आई जाणार होती, तिने आपली जागा मुलाला दिली आणि ती वर जहाजावर थांबली असं तिनेच नंतर सांगितलं. रुबिक क्यूब घेऊन गेला होता खाली सोडवायला. त्या बाईने पुढचे चार दिवस त्या जहाजावर कसे काढले असतील.

रशच्या बायकोचा तो व्हिडिओ पाहिलात का, कोस्ट गार्डने नंतर प्रसिद्ध केला तो? ती वर जहाजावर मॉनिटरसमोर बसलीय, काहीतरी आवाज येतो, ती विचारते हा कसला आवाज. आणि लगेच पाणबुडीकडून वजनं टाकल्याचा मेसेज दिसतो. तो मेसेज पाणबुडी फुटायच्या आधी निघालेला पण वर पोचायला उशीर झाला, आणि तेवढ्यावरून सगळ्यांना वाटलं सगळं ठीक आहे.

---

अनघड

वाईट झालं यात वादच नाही, पण मला धाग्याचा रोख थोडा एकांगी वाटतोय. ही माणसं अडाणी नव्हती. त्यांच्याकडून जो कागद सही करून घ्यायचे त्यात पहिल्याच पानावर मृत्यूचा उल्लेख तीनदा होता असं आधी जाऊन आलेल्या एकाने सांगितलंय. पाणबुडी प्रायोगिक आहे, कुठल्याही संस्थेने मान्यता दिलेली नाही हे पण लिहिलेलं असायचं. एव्हरेस्टवर दरवर्षी लोक मरतात, तरी जातातच ना? सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःचा जीव धोक्यात घातला तर तो त्याचा निर्णय आहे. आणि रश स्वतः त्यात बसत होता, लोकांना खाली पाठवून आपण वर बसणारा नव्हता तो. प्रत्येक नवीन गोष्टीला आधी परवानगी आणि मग प्रयोग असं केलं तर विमान पण उडालं नसतं.

---

कॉम्पोझिट

मी कॉम्पोझिट मटेरियलच्या टेस्टिंगमध्ये काम करतो (पाणबुड्या नाही, दुसऱ्या वस्तू) म्हणून थोडं लिहितो, लांबेल.

३८०० मीटरवर दाब वरच्यापेक्षा साधारण ३८० पट असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर जवळपास ४०० किलो. हा दाब चारी बाजूंनी आत चेपतो. कार्बन फायबरची खरी ताकद ताणात असते, विमानाच्या पंखात किंवा आतून गॅसचा दाब असलेल्या टाकीत म्हणूनच ते भारी चालतं. बाहेरून चेपायला लागलं की भार तंतूंपेक्षा त्यांना चिकटवून ठेवणाऱ्या रेझिनवर आणि थरांच्या चिकटण्यावर येतो आणि तिथे एखादी सुरकुती, एखादी हवेची पोकळी राहिली असेल तर तिथून थर सुटायला लागतात. एनटीएसबीने उरलेले तुकडे तपासले त्यात सुरकुत्या, पोकळ्या, सुटलेले थर सगळंच सापडलंय. दुसरा हल एकेक इंचाचे पाच थर वेगवेगळे भाजून एकावर एक चिकटवून केला होता आणि मधे मधे सुरकुत्या आल्या त्या घासून काढलेल्या. घासलं म्हणजे तिथले तंतू कापले गेले, हे आमच्याकडे नवीन आलेल्या मुलालाही समजतं.

दुसरं म्हणजे थकवा, म्हणजे फटीग. एकदा ३८०० मीटरला जाऊन सुखरूप आली म्हणजे दहाव्यांदा पण येईल असं नसतं, तार वाकवत राहिलं तर ती पहिल्यांदा तुटत नाही, कधीतरी तुटते. टायटॅनियमच्या गोळ्याचं हे गणित अनेक दशकांच्या अनुभवातून माहीत आहे, किती डाइव्हनंतर तपासायचं, कधी बाद करायचं सगळं ठरलेलं आहे. अमेरिकेची ॲल्विन ही संशोधनाची पाणबुडी १९६४ पासून चालू आहे, मधे मधे पूर्ण उघडून तपासतात. व्हिक्टर व्हेस्कोव्हो या खोल समुद्रात जाणाऱ्या माणसाने बनवून घेतलेली लिमिटिंग फॅक्टर पाणबुडी टायटॅनियमची आहे, ९ सेंटीमीटर जाड, डीएनव्हीने कितीही खोलीला चालेल म्हणून सर्टिफिकेट दिलंय आणि ती मारियाना ट्रेंचच्या, म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेच्या, तळाला अनेकदा जाऊन आली. म्हणजे खोल जाणं अशक्य नाही आणि नवीन काही करायचं नाही असंही कुणी म्हणत नाही. कार्बन फायबरच्या या नळकांड्याचं आयुष्य किती हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते काढायला हल तयार करून मुद्दाम फुटेपर्यंत दाबून बघावे लागतात, त्याला पैसा आणि वर्षं लागतात. छोट्या मॉडेलच्या टेस्ट फेल गेल्या होत्या तरी मोठा हल बनवलाच.

@अनघड, विमानाचं उदाहरण इथे बसत नाही. नवीन विमान टेस्ट पायलट उडवतात, तिकीट काढलेले प्रवासी नाही.

---

खारावारा

@कॉम्पोझिट, फार छान समजावलंत. त्या आवाज ऐकणाऱ्या सिस्टिमबद्दल पण लिहा ना, मला अहवालातला तोच भाग सगळ्यात अस्वस्थ करून गेला.

@अनघड, सही केली म्हणजे संमती झाली हे मला पटत नाही. "मृत्यू होऊ शकतो" हे वाक्य तर पॅराग्लायडिंगच्या फॉर्मवर पण असतं. हल स्कॅन केलेला नाही असं कंपनीच्याच डायरेक्टरने सांगितलं आणि कंपनीने त्यालाच काढलं, पहिल्या हलला तडा गेला, गेल्या वर्षी वर येताना मोठा धमाका ऐकू आला, हे त्या कागदावर कुठे होतं? धोका आहे हे माहीत असणं वेगळं आणि धोका किती आहे हे माहीत असणं वेगळं. एव्हरेस्टवर किती जण जातात, किती मरतात, कुठे मरतात हे कुणालाही बघता येतं.

रश स्वतः बसायचा हा मुद्दा मला उलटा वाटतो. त्यामुळेच तर लोकांना खात्री वाटायची. त्या पाचांतल्याच पॉल-आंरी नार्जोलेचंही तसंच. फ्रेंच नौदलातला माणूस, टायटॅनिकवर ३७ वेळा जाऊन आलेला, तो बसतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी काय शंका घ्यायची? पण अनुभवी माणूस आत बसला म्हणून हलचे थर सुटायचे थांबत नाहीत.

---

कॉम्पोझिट

त्या सिस्टिमबद्दल. हलला मायक्रोफोनसारखे सेन्सर आणि स्ट्रेन गेज (हल किती दबतो ते मोजणारी साधनं) लावले होते. कल्पना अशी की तंतू तुटायला लागले की आवाज वाढेल, मग पायलट वजनं टाकून वर येईल. कंपनी हेच सांगायची, सर्टिफिकेट नको, आमचा हल स्वतःच सांगतो. लॉक्रिजने २०१८ मध्येच म्हटलं होतं की याने इशारा मिळालाच तर फुटायच्या आधी काही मिलिसेकंद मिळेल, त्याचा काय उपयोग.

आता खरं काय झालं बघा. १५ जुलै २०२२, ८० नंबरची डाइव्ह, टायटॅनिक बघून वर येताना मोठा धमाका झाला, आतल्या लोकांनी ऐकला. रशचं म्हणणं पडलं की हल बाहेरच्या फ्रेममध्ये जागेवर बसला असेल. पण स्ट्रेन गेजचे आकडे त्या दिवसापासून बदलले. नंतरच्या डाइव्हमध्ये हल वेगळ्याच पद्धतीने दबत होता. म्हणजे थर सुटले होते आणि सिस्टिमने ते जवळपास वर्षभर आधी नोंदवलेलं होतं! मिलिसेकंद नाही, अकरा महिने मिळाले. हल उघडून स्कॅन करायचा, निदान त्या आकड्यांचा नीट अभ्यास करायचा, काही केलं नाही. उलट तो हिवाळाभर कॅनडातल्या सेंट जॉन्सला उघड्यावर ठेवला, बर्फात. भेगांमध्ये पाणी शिरून गोठलं तर काय होतं वेगळं सांगायला नको.

मला माझ्या कामामुळे याचा जास्त त्रास होतो. सेन्सर लावला की लोकांना वाटतं काळजी मिटली. सेन्सरने अमुक आकडा दाखवला की वापर बंद, हे आधीच लिहून ठेवलेलं नसेल आणि बंद करायचा अधिकार विक्री करणाऱ्याच्याच हातात असेल, तर तो सेन्सर नुसता नोंदवत राहतो.

---

मधुरा_व

मी तांत्रिक क्षेत्रातली नाही पण लॉक्रिजचं वाचून राहवलं नाही. मी ज्या ठिकाणी आधी नोकरी करत होते तिथे क्वालिटीच्या एका बाईंनी एका बॅचवर सही करायला नकार दिला होता. त्यांना कुणी काही बोललं नाही, फक्त पुढच्या मीटिंगना बोलवणं बंद झालं, मग त्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं, आणि त्या स्वतःच सोडून गेल्या. त्यानंतर उरलेल्या आम्हा सगळ्यांना काय कळायचं ते कळलं.

ओशनगेटमध्ये पण हेच झालेलं दिसतं. इंजिनिअरिंगचा आधीचा डायरेक्टर टोनी निसन, त्याने सुनावणीत सांगितलं की मला पायलट म्हणून बस म्हटलं तेव्हा मी त्यात बसणार नाही म्हणून सांगितलं. त्यालाही २०१९ मध्ये काढलं. कोस्ट गार्डने तर म्हटलंय की तिथे नोकरी जाण्याची भीती घालून लोकांना गप्प केलं जायचं. एका माणसाला काढलं की दहा जण आपोआप गप्प बसतात. नवीन आलेल्याला आधी काय घडलं ते कुणी सांगतच नाही, त्यामुळे त्याला वाटतं सगळं ठीकच असणार.

---

रानपाखरू

+१ मधुरा.

धाग्याचा विषय टायटनपुरता ठेवू नये असं वाटतं कारण टायटनला नियम लागू नव्हते म्हणून हे झालं असा समज होतो. जिथे नियम होते तिथेही झालंय. २ सप्टेंबर २०१९, कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाची स्कूबा डायव्हिंगची बोट रात्री जळाली, खालच्या डेकवर झोपलेली ३४ माणसं गेली. रात्री एकाने जागं राहून फेऱ्या मारायच्या ही अट त्या बोटीच्या सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहिलेली होती, कुणी जागं नव्हतं. खालून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दिवाणखान्यात निघत होत्या आणि आग तिथेच होती. कॅप्टनला नंतर चार वर्षांची शिक्षा झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात सी स्टोरी बोट उलटली, हवामान खराब होणार, लाटा मोठ्या असणार हा इशारा आधी दिलेला होता. मार्च २०२५ मध्ये तिथेच इजिप्तमधल्या हुरघडाजवळ सिंदबाद ही पर्यटकांची पाणबुडी बुडाली, सहा रशियन पर्यटक गेले. आणि ती काही हजारो मीटर खोल जाणारी पण नव्हती, मासे आणि प्रवाळ दाखवणारी होती. उथळ आहे म्हणून लोक निर्धास्त बसतात पण दार बंद करून पाण्याखाली जाताय म्हटल्यावर बाहेर पडणं सोपं नसतं.

---

अनघड

कॉम्पोझिट आणि खारावारा, ८० नंबरच्या डाइव्हबद्दल मला माहीत नव्हतं. ते लपवून पुढच्या वर्षी तिकीटं विकली असतील तर संमतीचा माझा मुद्दा तिथे टिकत नाही, मान्य.

पण प्रश्न उरतोच. खोल समुद्र कुठल्याच देशाचा नाही. पाणबुडी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटापासून शेकडो किलोमीटरवर पाण्यात सोडली जायची. तिथे कुणाचा नियम आणि कुणी लावायचा?

---

खारावारा

@अनघड, बरोबर जागी बोट ठेवलंत. टायटनची कुठल्याही देशात नोंदणी नव्हती. प्रत्येक जहाज कुठल्यातरी देशाचा झेंडा लावतं आणि त्या देशाचे नियम त्याला लागतात, हिला झेंडाच नव्हता. अमेरिकेत प्रवासी पाणबुड्यांचे नियम आहेत, १९९३ चा कायदा आहे, पण त्यात "प्रवासी" असायला हवेत. म्हणून पैसे भरणाऱ्यांना कंपनी "मिशन स्पेशालिस्ट" म्हणायची, म्हणजे जणू ते मोहिमेत काम करणारे सदस्य. कोस्ट गार्डने हा सगळा बनाव नियमातून सुटण्यासाठी होता असंच मानलंय, आणि रश जगला असता तर फौजदारी कारवाईसाठी प्रकरण न्याय खात्याकडे पाठवलं असतं असंही म्हटलंय.

पण मला वाटतं उपाय खोल समुद्रात शोधायची गरज नाही. पाणबुडी तरंगत तिथे गेली नव्हती, ती बंदरातूनच निघाली होती, कॅनडाच्या बंदरातून, पोलर प्रिन्स जहाजाच्या मागे ओढत. बंदर, ओढणारं जहाज, विमा या तिन्ही ठिकाणी कुणीतरी "क्लास सर्टिफिकेट (डीएनव्हीसारख्या तपासणी संस्थेचं) दाखवा, नाहीतर निघता येणार नाही" असं म्हणू शकलं असतं. तेवढ्याने थांबली असती.

आणखी एक, रशनेच २०१९ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की व्यावसायिक पाणबुड्यांमध्ये ३५ वर्षांत कुणाला इजा झालेली नाही, नियमांमुळे हे क्षेत्र नको तितकं सुरक्षित झालंय आणि त्यामुळेच नवीन काही होत नाही. ते वाचून मला फार राग आला. जी गोष्ट त्या सगळ्या लोकांनी काळजीपूर्वक काम करून मिळवली होती तीच त्याला अडचण वाटत होती.

---

निळाई

मी इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असते. आमचा पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन पर्यटकांच्या पाणबुडीत बसायचा विचार आहे, ती उथळ वाली. धागा वाचून भीती वाटायला लागलीय. जाऊच नये का? की काही विचारून, बघून ठरवता येतं?

---

कॉम्पोझिट

@निळाई, घाबरून रद्द करायची गरज नाही, क्लास केलेल्या पर्यटक पाणबुड्या अनेक वर्षं व्यवस्थित चालतायत. आधी विचारा की क्लास कुणाचा आहे. डीएनव्ही, एबीएस, लॉइड्स रजिस्टर अशी नावं सांगतील. नुसतं "आंतरराष्ट्रीय दर्जाची" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. सर्टिफिकेटवर जास्तीत जास्त खोली आणि मुदत लिहिलेली असते, तुम्हाला नेणार ती खोली त्यापेक्षा कमी हवी आणि मुदत संपलेली नसावी. शंका आली तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलाच ईमेल करून विचारा की ते चालू आहे का.

मग विचारा की पाणबुडी खाली असताना वर सोबतीला बोट असते का आणि संपर्क तुटला तर किती वेळात मदत बोलावतात. टायटनच्या वेळी सकाळी संपर्क तुटला आणि कोस्ट गार्डला कळवायला संध्याकाळ झाली होती, म्हणून हे विचारायचंच. तिथे गेल्यावर किती सीट आहेत आणि किती माणसं बसवतायत ते मोजा, बाहेर पडायची झडप कुठे आहे ते मुलांना दाखवून ठेवा.

आणि हे प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला किंवा हसण्यावारी न्यायला लागला तर पैसे गेले तरी चालतील, बसू नका. ज्यांचं काम नीट असतं ते सर्टिफिकेट काढून दाखवायला एका पायावर तयार असतात.

---

निळाई

खूप खूप आभार. आजच ईमेल करते त्यांना, सर्टिफिकेटची कॉपी मागते. उत्तर काय येतं ते इथे लिहीन.